आठ दिवसांचं नाव

११ ऑगस्ट

ही वही धाकट्याने आणून दिली. धाकटा म्हणजे माझा पाठचा भाऊ. पन्नाशी उलटली, डोक्यावर मोजून घ्यावेत एवढे केस उरले, तरी घरात अजून धाकटाच. म्हणाला, "दादा, अवजार तयार होऊन दोन महिने झाले आणि अजून आपण त्याला 'ते' म्हणतो. नावं सुचतील तशी यात लिहीत जा." जानेवारीत बागेच्या सामानाचं प्रदर्शन आहे, तिथे त्याने एक टेबल मिळवलंय. त्याआधी खोकी छापायची, खोक्यांवर नाव हवं, आणि ते दुसऱ्याने उचलू नये म्हणून नोंदवायला हवं. त्याच्या हिशेबाने अर्ज तीस नोव्हेंबरच्या आत गेला पाहिजे, नाहीतर वर्ष फुकट गेलं.

तीस वर्षं मी बिजागऱ्या, कड्या आणि लोकांच्या पंपांचे मोडके भाग केले. स्वतःच्या डोक्यातून निघालेली ही पहिलीच वस्तू, तीही एकसष्टाव्या वर्षी. तशी ती अर्धीच माझी. दोन वर्षांपूर्वी आमची ही परसातल्या वाफ्यांतून मनगट धरून आत आली आणि म्हणाली, "जगाच्या दारांना बिजागऱ्या लावता, माझ्या मनगटाला एक लावून द्या." तिथून सुरुवात झाली. वीतभर पातं, टोकाला दुभागलेलं, मागे जड टाच. पातं तणाच्या मुळाशी घालायचं, टाच जमिनीला टेकवायची, मूठ दाबायची, की मूळ अख्खं वर येतं आणि मनगट वाकत नाही. मूठ तर हिच्याच हाताची आहे. सळईवर ओली माती थापली आणि हिला म्हटलं, कोणाचा तरी गळा आवळतेस अशी धर. हिने माझ्याकडे बघत बघत आवळली. मातीत बोटांचे जे खड्डे पडले ते मोजून मी लाकूड कोरलं. तो ठसा वाळून कारखान्यात खिडकीतल्या फळीवर पडला आहे.

वजन सहाशे चाळीस ग्रॅम. वहीच्या मागच्या पानांवर तक्ता आखला: तारीख, वजन, नाव, शेरा. शेरा हिने स्वतः लिहायचा. ती म्हणाली, "पुढची पानं तुमची, मागची माझी. मी तुमच्यात डोकावणार नाही." चौतीस वर्षांत ती कधी माझ्यात डोकावली नाही असं झालेलं नाही, पण वहीपुरतं मान्य केलं.

१४ ऑगस्ट

नावांच्या बाबतीत हिचा एक कायदा आहे. लेक झाली तेव्हा हिने पाच नावं काढली आणि प्रत्येक नावाने तिला आठ-आठ दिवस हाक मारली. लाडात, रागात, झोपवताना, ताप भरल्यावर. म्हणाली, नाव कागदावर कळत नाही, तोंडात कळतं. चौथं टिकलं. अवजारालाही तोच कायदा लागू झाला आहे. आठ दिवस घरात त्याच नावाने बोलायचं, 'ते' म्हणेल त्याने भांडी घासायची.

पहिलं नाव माझं: तणनाशिनी.

२२ ऑगस्ट

तणनाशिनी पडली. धाकटा तिसऱ्या दिवसापासून 'तनू' म्हणायला लागला होता. हिने मागे सुंदर वळणदार अक्षरात शेरा लिहिला आहे: "नाव घेईपर्यंत तण वाढतं. शिवाय हातात घ्यायच्या आधी नमस्कार करावासा वाटतो. अवजाराबद्दल तक्रार नाही, काल लव्हाळ्याची गाठ अख्खी निघाली."

लग्नाआधी ही शाळेत सुंदर अक्षराचा तास घ्यायची. अजूनही हिचं किराण्याचं पान टाकवत नाही.

३१ ऑगस्ट

धाकट्याचं नाव होतं 'ग्रीन मास्टर'. ही म्हणाली, "भावजी, घरात एक मास्तर आहेत ते पुरेत." तेही पडलं. मी त्या आठवड्यात पाच वेळा भांडी घासली.

शेऱ्यात शेवटी एक ओळ आहे: "दुपारनंतर जड वाटतं." जून-जुलैत कधी वाटलं नव्हतं.

५ सप्टेंबर

पुन्हा तोच शेरा. "जड आहे. आधीचं हलकं होतं का?" आधीचं आणि आताचं एकच आहे. तरी मी काटा तपासला. पुन्हा वजन केलं, सहाशे चाळीस. मूठ पाणी पिऊन फुगली असेल म्हणून ती उन्हात वाळवली. दोन ग्रॅमचा फरक पडला.

वस्तू खोटं बोलत नाही आणि हीही बोलत नाही. मग चूक माझी. दोन महिने नवलाईत गेले, आता खरं वजन कळतंय. बायकांसाठी अवजार करायचं आणि वजन लोहाराच्या हाताने ठरवायचं, हा माझाच गाढवपणा. टाचेला वजन नसेल तर पातं मातीत शिरत नाही हे खरं, पण हिच्या वाफ्यांतली माती मऊ आहे. धार वाढवली की भागेल.

१३ सप्टेंबर

पहिलं तसंच ठेवून दुसरं घडवलं, त्याची टाच पोखरली, पातं घासलं. पाचशे वीस. हिने हातात घेतलं आणि हसली. "आता कसं." दोन दिवस तेच घेऊन बसली होती. तिसऱ्या दिवशी शेऱ्यात फक्त "बरं."

नाव चालू होतं 'सोबती'. खोकी छापणारा म्हणाला, त्याच्याकडे आधीच एक छत्री, एक विजेरी आणि एक डासांची उदबत्ती सोबती आहे. मग आठ दिवस पुरे होण्याआधीच सोडलं.

२१ सप्टेंबर

चारशे तीस. मूठ आतून कोरून पोकळ केली, हे काम मला जमेल असं वाटलं नव्हतं. छातीत माया दाटून आली, आणि ती लाकडाच्या एका तुकड्यासाठी. लिहायला लाज वाटते, पण वही माझीच आहे.

घरात आज तिसरा कप फुटला. हल्ली कपांचे कान फार बारीक बनवतात, दोन बोटं जेमतेम मावतात. मी हिला म्हटलं, मोठ्या कानाचे आण. माझ्या सदऱ्याची गुंडी तुटून आठवडा झाला, ती खुंटीवर तशीच आहे. शेऱ्याच्या रकान्यात नुसती बरोबरची खूण. विचारलं तर म्हणाली, "तुम्हीच लिहा ना. मी सांगते." आळस चढलाय. अवजार चालायला लागलं की त्यातली गंमत संपते, तसं असेल.

२९ सप्टेंबर

लेकीशी फोनवर बोलत होती. मी दाराशी पाय पुसत होतो. "अगं, धाकटी होती म्हणून जून-जुलैत एवढं झालं. आता तीही उचलवत नाही मला." मग माझी चाहूल लागली आणि भाज्यांवर बोलायला लागली. शेजारच्यांची धाकटी सून हल्ली हिच्या मदतीला येते वाटतं. तिचं लेकरू जड आहे खरं, चांगलं बाळसं धरलंय.

८ ऑक्टोबर

साडेतीनशे. याच्या खाली गेलो तर चमचाच होईल.

आणि नाव सापडलं. कानस मारता मारता आपोआप तोंडात आलं: अलगद. काय करतं हे अवजार? मूळ अलगद उचलतं. किती जड आहे? अलगद आहे. धाकट्याला फोनवर सांगितलं, त्याने ते दोनदा म्हणून बघितलं. मग म्हणाला, "दादा, तू बिजागऱ्यांत आयुष्य घालवलंस रे."

१७ ऑक्टोबर

अलगद आठ दिवस टिकलं. एकदाही कोणाला 'ते' म्हणावं लागलं नाही. ही म्हणाली, "छान आहे. आता काही करू नका. याहून हलकं नको." मी म्हटलं, शेरा सांग. म्हणाली, "उत्तम. लिहा, उत्तम." मी मोठ्या अक्षरात लिहिलं.

इतक्या वर्षांत हिने माझ्या कामाला उत्तम म्हटल्याचं आठवत नाही. आज मी दोनदा उगाचच कारखान्याचं दार उघडून त्याच्याकडे बघून आलो.

२४ ऑक्टोबर

लिहावं की नाही कळत नाही.

खोक्यावर चित्र हवं म्हणून धाकट्याने वापरलेलं पातं मागितलं. मी परसातून आणलं आणि भिंगाखाली धरलं. सोळा दिवसांचं अवजार. मातीत गेलेल्या धारेवर बारीक ओरखडे पडतात, ते एकाच दिशेचे असतात, ते मला झोपेतही ओळखू येतात. यावर एकही नाही. धार मी घासली होती तशीच्या तशी. पात्याला तेलाचं बोट लावलं होतं, तेही शाबूत.

वाफे मात्र स्वच्छ आहेत. मी हळूच स्वयंपाकघरात गेलो. हिच्या डाव्या हाताच्या नखांत काळी माती होती. ही नुसत्या बोटांनी तण उपटते आणि मला 'उत्तम' सांगते.

मी म्हटलं, "आवडलं नाही तर तोंडावर सांगायचं. मी काय लहान आहे समजूत घालायला?" हिने गॅस बारीक केला. मी अजून एक बोललो, "तुला माझं काम आवडलंय कधी?" ते बोलायला नको होतं. हिने उजवा हात पदराखाली घेतला आणि म्हणाली, "आवडलं होतं. फार आवडलं होतं." होतं म्हणाली. मी कारखान्यात निघून आलो.

२६ ऑक्टोबर

बोलाचाली कामापुरती. खरं तर मला राग नाही, वाईट वाटतंय. दोन वर्षं एका माणसाचा हात डोळ्यांसमोर ठेवून वस्तू करायची आणि त्याच माणसाने ती हातात धरू नये.

५ नोव्हेंबर

धाकटा म्हणाला, घरची माणसं सोड, बाहेर देऊन बघू. गावाबाहेर रोपवाटिका आहे. मालकीणबाई खमक्या, हाताखाली सहा बायका. आठवड्यापूर्वी त्यांना दोन अलगद दिले होते. आज आणायला गेलो. दोन्ही कुंड्यांच्या मागे पडलेले.

बाई म्हणाल्या, "काका, राग मानू नका. फुलं खोचायला ठीक आहे हे. वजनच नाही याला. आम्ही एकीकडे दाबतो, हे दुसरीकडे उडतं." एक म्हातारी मजूर म्हणाली, "नातीला खेळायला द्या." बाकीच्या हसल्या. मीही हसलो, दुसरं काय करणार.

पिशवीत तुलनेला म्हणून पहिलं घेतलं होतं, सहाशे चाळीसवालं. ते त्या म्हातारीने उचललं, न विचारताच खाली बसली, एका दमात हरळीची चार मुळं काढली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "हे कुठं लपवलं होतं?" मग ते सहा जणींच्या हातांतून फिरलं. म्हातारी सत्तरीची तरी असेल. तिला जड झालं नाही. कोणालाच झालं नाही.

परत येताना धाकटा म्हणाला, "दादा, वहिनींना एकट्यांनाच जड वाटतं." मी म्हटलं, मूठ चुकली असेल. वयाप्रमाणे हात बदलतो, नवा ठसा घ्यायला हवा. तो खिडकीबाहेर बघत राहिला.

६ नोव्हेंबर

सळईवर माती थापली आणि हिला कारखान्यात बोलावलं. "आज नको," म्हणाली. मी म्हटलं, दोन मिनिटांचं काम आहे. मग आली आणि आवळली.

जुना ठसा फळीवरून काढून शेजारी ठेवला आणि दोन्ही मोजले. जुन्यात मधल्या बोटाचा खड्डा सहा मिलिमीटर. नव्यात दोनालाही कमी. करंगळीचा तर दिसलाच नाही. मला वाटलं माती घट्ट मळली गेली. पाणी घालून अगदी लोण्यासारखी केली आणि म्हटलं, पुन्हा, गळा आवळ, माझाच समज. हिने डोळे मिटले. हाताच्या शिरा वर आल्या, ओठ दाताखाली गेले, खांदा थरथरला. सगळं अंग जोर लावत होतं. ठसा तेवढाच.

तेव्हा मी पहिल्यांदा मातीकडे न बघता हाताकडे बघितलं. अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या मधला मांसल भाग खोल बसला होता, कोणी चमच्याने काढून घेतल्यासारखा.

तिसऱ्यांदा आवळ असं मी म्हटलं नाही. पाणी आणून तिचा हात धुतला, बोटं एकेक करून. मग पंचाने कोरडा केला. माझ्यासारखा माणूस, अर्ध्या मिलिमीटरसाठी गिऱ्हाइकाशी भांडणारा, आणि दोन महिने चुकीची वस्तू मोजत होतो.

७ नोव्हेंबर

सकाळी हिनेच सांगितलं. चहा मी केला होता, कप दोन्ही हातांत धरून ती बोलत होती.

"ऑगस्टपासून आहे. आधी मला खरंच वाटलं, अवजार जड आहे. तुम्ही हलकं केलंत की दोन दिवस हात बरा झाल्यासारखा वाटायचा. मग पुन्हा तेच."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"तुम्ही कानस मारत गाणं गुणगुणत होतात. बिजागऱ्या करताना मी तुम्हाला कधी गुणगुणताना ऐकलं नाही. म्हटलं, झाकली मूठ सव्वा लाखाची. प्रदर्शन होऊ दे, मग सांगू."

"आणि 'उत्तम' कशाला म्हणालीस?"

"नाहीतर तुम्ही अजून पोखरलं असतंत. मला बघवेना. पहिलं किती चांगलं होतं हो ते."

मी रडलो. ते लिहून ठेवतो. ती म्हणाली, "चहा निवतोय."

१९ नोव्हेंबर

तपासण्या झाल्या. सुया टोचून, वीज सोडून बघतात. आज डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवलं. मला विचारलं, काय काम करता? अवजारं, म्हटलं. मग त्यांनी माझ्या भाषेत सांगितलं. हात चांगला आहे, पण हुकूम नेणारी तार झिजत चालली आहे, स्नायूला निरोप पोचत नाही. मी विचारलं, तार बदलता येते का? नाही म्हणाल्या. वाढणं थोडं लांबवता येतं. आधी हात, पुढे पाय, पुढे बोलणं, गिळणं. काहींना दोन वर्षं, काहींना पाच, नेमकं कोणी सांगू शकत नाही.

ही म्हणाली, "बोलणं आधी जात नाही ना? मग बरंय. यांना रागवायला ते लागतं."

डॉक्टरीणबाई हसल्या आणि लगेच कागदांत बघायला लागल्या.

२१ नोव्हेंबर

लेक आली आहे. धाकटाही दिवसभर इथेच. मी त्याला सांगितलं, खोक्यावरचं 'अलगद' काढ. तो म्हणाला, नाव चांगलं आहे, सहाशे चाळीसवाल्याला तेच देऊ. मला ते नाव आता तोंडात घेववत नाही. ही दमत होती आणि मी त्या दमण्याला नाव शोधत होतो, आणि वर खूश होतो. नऊ दिवस उरलेत. मी म्हटलं, मरू दे प्रदर्शन. ही आतून म्हणाली, "मरू दे कसं? माझा हात त्या मुठीत आहे."

मग मी सुचवलं, अवजाराला हिचंच नाव द्यायचं. मला वाटलं ही विरघळेल. ही भडकली. "अजिबात नाही. लोक अवजार चिखलात टाकतात, रात्रभर बाहेर ठेवतात. माझं नाव गंजलेलं नको. आणि मी गेल्यावर तुम्ही ते खोक्याखोक्यावर वाचत बसणार. ते तर मुळीच नको."

तिचं बरोबर आहे. मी तेच केलं असतं.

२३ नोव्हेंबर

जेवताना लेक म्हणाली, "बाबा, नाव तर आहे की. आई पहिल्यापासून धाकटीच म्हणते."

मी म्हटलं, धाकटी शेजारची.

"कुठली शेजारची? सहा महिने फोनवर मी धाकटीच्याच गोष्टी ऐकतेय. धाकटीने आज अर्धा वाफा काढला, धाकटीला तेल लावून ठेवलं, धाकटी रुसून कोपऱ्यात बसलीय."

ही ओशाळली. मग सांगितलं. लग्न होऊन आली तेव्हा ती या घरची थोरली. धुणं, पाणी, स्वयंपाक, माझ्या आईचं दुखणं, सगळं एका अंगावर. आई म्हणायची, थोडी कळ काढ, धाकटी आली की तुझ्या हाताला हात लागेल. ही वाट बघत राहिली आणि धाकट्याने लग्नच केलं नाही. "जूनमध्ये यांनी हे हातात दिलं. पहिल्याच दिवशी चार दिवसांचं काम झालं. म्हटलं, आली बाई एकदाची."

धाकटा मान खाली घालून ताटात भात चिवडत होता. म्हणाला, "वहिनी, म्हणजे माझी बायको खोक्यावर?"

"तुम्ही आणली नाहीत, मग आम्ही घडवली."

तो हात धुवायला उठला आणि बराच वेळ नळ चालू ठेवला.

ही म्हणाली, "पण ते घरातलं नाव. बाजारात न्यायचं नव्हतं." माझी आई आणि ही, दोघींचं ते बोलणं मी तेव्हा रोज ऐकलं असणार. आठवत नाही. बिजागऱ्यांचा हिशोब आठवतो. थोड्या वेळाने तीच म्हणाली, "हाक मारायला मात्र सोपं आहे. पुढे जीभ जड झाली तरी म्हणता येईल."

आठ दिवसांचा कायदा लावायची गरज नव्हती. नाव सहा महिने तिच्या तोंडात होतं.

२८ नोव्हेंबर

नोंदणी कचेरीत गेलो. हीसुद्धा हट्टाने आली. दुसऱ्या मजल्यावर लाकडी बाकावर बसली, लेकीने पायांवर शाल टाकली. खिडकीतला कारकून तरुण, चष्मा नाकावर घसरलेला. त्याने अर्ज वाचला.

"धाकटी? अवजाराचं नाव?"

"हो."

"म्हणजे थोरलीपण आहे?"

धाकटा जमिनीकडे बघायला लागला. मी म्हटलं, "आहे."

"तिची वेगळी नोंद करायला लागेल. केलीय का?"

"केलीय. चौतीस वर्षं झाली."

त्याने चष्म्यावरून आधी माझ्याकडे, मग बाकाकडे बघितलं. मग शिक्का उचलला आणि अर्जावर मारला. नमुना म्हणून पहिल्याच्या मापाने घडवलेलं सहाशे चाळीस ग्रॅमचं दुसरं अवजार ठेवून घेतलं. बाहेर आलो तर ही म्हणाली, "झालं नाव? आता घरी चला, वाफ्यात तण माजलंय."

६ डिसेंबर

माझ्याच अवजाराने मी कधी तण काढलं नव्हतं. मोजलं, घासलं, तोललं, पण वाफ्यात बसलो नव्हतो. आज बसलो. ही कडेला खुर्चीवर, उजवा हात मांडीवर ठेवलेला, डाव्याने दाखवत होती. "तिथं नाही. मागं. धाकटीला जरा तिरकी धरा. अहो, उपटताय काय, टाच टेकवा."

मूठ माझ्या हाताला बसत नाही. माझी बोटं जाडी, खड्डे हिच्या बोटांचे. मधलं बोट त्या सहा मिलिमीटरच्या खड्ड्यात जेमतेम अर्धं जातं. घट्ट धरलं की कडा रुततात. तासाभरात तळहाताला दोन फोड आले. मी दुसरी मूठ कोरून घेणार नाही.

अर्धा वाफा झाला तेव्हा ही थकली. आत नेताना म्हणाली, "मागच्या पानावर शेरा लिहायचा राहिला. मी सांगते, तुम्ही लिहा." मी लिहिला. मागची पानं तिची, पण हा पुढेही उतरवून ठेवतो.

तारीख सहा डिसेंबर. वजन सहाशे चाळीस. नाव धाकटी. शेरा: "अवजार उत्तम. वापरणारे नवे आहेत. घाई करतात. शिकतील."